एक डोळा नाकाकडे, एक डोळा समोर

एखाद्या मैत्रिणीला किंवा मित्राला समोर बसवा आणि सांगा, “उजव्या हाताचं पहिलं बोट उजव्या डोळ्याच्या अगदी समोर, हातभर लांब धर. नजर बोटाच्या टोकावरून हलवू नकोस. आता बोट सरळ रेषेत हळूहळू डोळ्याकडे आण.” बोट जवळ येत जाईल तसे तुम्ही तिचे डोळे बघत राहा. उजवा डोळा जागचा हलणार नाही. डावा मात्र सरकत सरकत नाकाच्या कोपऱ्यात जाऊन बसेल. एक डोळा सरळ समोर, दुसरा नाकाकडे! एकदा-दोनदाच करा हं, डोळे दमतात. “वारं गेलं तर तसेच राहतील” अशी भीती कुणी घातली तर मात्र घाबरू नका, तसं काही होत नाही.

हे होतं कसं? आपल्या प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा छोटे स्नायू जोडलेले असतात आणि तेच डोळ्याला इकडे-तिकडे वळवतात. गंमत अशी, की मेंदू एकेका डोळ्याला वेगळा हुकूम सोडत नाही. जो हुकूम सोडायचा तो दोघांना मिळून. एवाल्ड हेरिंग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६८ साली ही गोष्ट मांडली. बोट जवळ येतंय म्हटल्यावर पहिला हुकूम सुटतो, ‘दोघंही नाकाकडे वळा.’ पण बोट तर मधोमध नाही, उजव्या बाजूला आहे. म्हणून त्याच क्षणी दुसराही हुकूम सुटतो, ‘दोघंही उजवीकडे वळा.’ आता उजव्या डोळ्याची काय अवस्था होते बघा. एक हुकूम त्याला डावीकडे ओढतो आणि दुसरा उजवीकडे, म्हणून तो जागेवरच राहतो. डाव्याला मात्र दोन्ही हुकूम उजवीकडेच नेतात. तो बिचारा नाकात शिरायचाच बाकी राहतो.

आपल्याला त्यासाठी बोट लागलं. पण जपानमध्ये नटांचं एक घराणं आहे, तिथली मुलं हे बोटाशिवाय करायला शिकतात. तेसुद्धा अंगावर प्रचंड पोशाख, तोंडावर रंगाचा थर आणि समोर खचाखच भरलेलं नाट्यगृह असताना. या घराण्याचं नाव इचिकावा. घराण्यातल्या सगळ्यात मोठ्या नटाला एक खास नाव मिळतं, दांजूरो. पहिला दांजूरो १६६० साली जन्मला. आज तेरावा दांजूरो काम करतो आहे. मला तुम्हाला सांगायचंय ते सहाव्याबद्दल, कारण हे नाव त्याला जेमतेम साडेसात वर्षंच वापरता आलं.

आधी त्याचं शहर बघू. आजच्या तोक्योचं जुनं नाव एदो. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथे दहा लाखांच्या आसपास माणसं राहत होती. एवढ्या मोठ्या शहराला वेड होतं काबुकी नाटकांचं. नाटक उजाडता उजाडता सुरू व्हायचं आणि दिवस मावळेपर्यंत चालायचं. लोक तिथेच जेवायचे, गप्पा मारायचे, आवडता नट आला की त्याच्या घराण्याचं नाव घेऊन ओरडायचे. दांजूरो आला की हाक उठायची, “नारिताया!” ही हाक आजही ऐकू येते.

नाटक दिवसा का? उजेडासाठी. विजेचे दिवे यायला अजून पुष्कळ अवकाश होता. नाट्यगृहाच्या वरच्या बाजूला खिडक्यांची रांग असायची, तिथून सूर्यप्रकाश आत येई. रात्रीचा प्रसंग असला की माणसं धावत जाऊन खिडक्या बंद करायची. आणि एखाद्या नटाचा चेहरा नीट दिसायला हवा असेल तर काळे कपडे घातलेला मदतनीस लांब दांडीच्या टोकावर मेणबत्ती लावून ती नटाच्या तोंडाजवळ धरायचा. नट जिकडे सरकेल तिकडे मेणबत्ती सरकायची.

अशा अंधूक उजेडात शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाचा चेहरा दिसावा कसा? यावर काबुकीच्या नटांनी शोधलेला उपाय म्हणजे पांढरा रंग. पांढरा रंग पडलेला बहुतेक प्रकाश परत फेकतो, त्यामुळे थोड्या उजेडातही चेहरा उठून दिसतो. आधी त्वचेवर मेणासारखं चिकट तेल चोळायचं, मग त्यावर पाण्यात कालवलेला सफेदा पसरट ब्रशाने फासायचा. शूर वीराचं काम असेल तर त्या पांढऱ्यावर लाल पट्टे ओढायचे. हे पट्टे मनाला येतील तसे नसतात. कपाळावरची शीर, भुवयांचा उंचवटा, गालाचं हाड, ओठांच्या कडेचा स्नायू यांच्या वळणाने ते जातात. माणूस खूप चिडला की चेहऱ्यावर जे जे फुगतं आणि ताणलं जातं, ते ते दहापट मोठं करून दाखवलेलं असतं. ब्रशाने काढलेल्या पट्ट्याची एक कड नट बोटाने हलकेच पुसून फिकट करत नेतो, म्हणजे पट्टा सपाट न दिसता फुगीर दिसतो. निळे पट्टे दुष्ट माणसाचे. तपकिरी असले तर समजायचं, हा राक्षस किंवा भूत.

आता तो क्षण. लढाई ऐन रंगात आलेली असते. नट धाडकन पाय आपटतो, हात फेकतो, मान गोल फिरवतो आणि मान थांबते तिथे सगळं शरीर दगड होतं. फक्त डोळे सरकतात. एक नाकाकडे, एक समोर. रंगमंचाच्या कडेला एक माणूस गुडघ्यांवर बसलेला असतो. त्याच क्षणी तो हातातले दोन लाकडी ठोकळे समोरच्या फळीवर हाणतो, बा-त्तारी! या थांबण्याला ‘मिए’ म्हणतात. वटारलेल्या नजरेचं नाव ‘निरामी’. एदोतल्या लोकांची पक्की समजूत होती, की दांजूरोने आपल्याकडे अशी नजर रोखली तर वर्षभर सर्दी-पडसं होत नाही. सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूला डोळे वटारून घाबरवता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरी पण त्या गर्दीत मी असते तर पुढच्या रांगेत घुसायची धडपड मीही केली असती.

ही नजर आली कुठून, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. पहिल्या दांजूरोची श्रद्धा होती नारिता गावच्या देवळातल्या फुदो देवावर. “नारिताया” ही हाक त्या गावावरूनच पडली. फुदोचा चेहरा रागीट, हातात तलवार आणि दोर, पाठीमागे ज्वाळा. बऱ्याच मूर्तींत त्याचा एक डोळा वर आणि एक खाली रोखलेला असतो. हा फुदो मूळचा आपल्याकडचा! बौद्ध धर्मात त्याचं संस्कृत नाव अचल. भारतातून चीन, चीनहून जपान असा प्रवास करत तो नारिताला पोचला आणि नटांनी त्याचा आवेश रंगमंचावर आणला. याच घराण्याचं ‘नारुकामी’ नावाचं नाटक आहे. त्यात एक तपस्वी रागावून पाऊस अडवून ठेवतो. त्या गोष्टीचं मूळसुद्धा आपल्या ऋष्यशृंगाच्या कथेत सापडतं.

तर आपला सहावा दांजूरो. त्याचा जन्म १७७८ सालचा. त्याच वर्षी चौथा दांजूरो वारला होता आणि पाचवा दांजूरो एदोच्या रंगभूमीवर राज्य करत होता. घराण्यातली मुलं शाळेत जायच्या वयाच्या आधीच रंगमंचावर उभी राहतात. चालणं, बसणं, तलवार धरणं, ओरडणं, गप्प राहणं हे सगळं मोठ्यांकडे बघत बघत शिकायचं. नावंसुद्धा वय आणि मान वाढेल तशी बदलत जातात. या मुलालाही आधी एबिझो हे नाव मिळालं होतं.

मग १७९१ सालचा अकरावा महिना उजाडला. एदोतल्या नाटकांचं वर्ष याच महिन्यात सुरू व्हायचं. कुठला नट यंदा कुठल्या नाट्यगृहात आहे हे लोकांना दाखवायचा तो महिना, एदोमधला मोठा सणच. त्या वर्षी पाचव्या दांजूरोने आपलं नाव उतरवलं आणि या मुलाला दिलं. स्वतः त्याने एबिझो हे नाव घेतलं, पण लिहिताना एक अक्षर बदललं. एबि म्हणजे कोळंबी-शेवंडाच्या कुळातला जीव. आधीचे एबिझो मोठ्या शेवंडाच्या अक्षराने नाव लिहायचे. याने लहानशा कोळंबीचं अक्षर निवडलं. थोर वाडवडिलांपुढे मी आपला एवढासाच, असं त्याला सुचवायचं होतं. एवढा मोठा नट आणि हा नम्रपणा! मला हा माणूस फार आवडतो.

नाव मिळालं तेव्हा मुलगा किती वर्षांचा होता? जपानी पुस्तकं सांगतात, १४. तुम्ही वजाबाकी कराल तर १३ येतील. चूक कुणाचीच नाही. जुन्या जपानमध्ये मूल जन्मलं की लगेच एक वर्षाचं धरायचे आणि दर नव्या वर्षाच्या दिवशी सगळ्यांचंच वय एकेकाने वाढायचं. वाढदिवस वेगळा मोजायचाच नाही. वर्षाच्या शेवटच्या दिवशी जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! सूत्र सोपं आहे. हवं ते साल घ्या, त्यातून जन्माचं साल वजा करा आणि एक मिळवा. १७९१ वजा १७७८ अधिक १, झाले १४. आपल्या हिशेबाने तो १२-१३ वर्षांचा, म्हणजे सातवी-आठवीतला मुलगा. त्या वयात त्याला शहरातलं सगळ्यात मोठं नाव पेलायचं होतं.

काळही काही सोपा नव्हता. सरकारने उधळपट्टीविरुद्ध कडक नियम केले होते आणि एदोतली तिन्ही मोठी नाट्यगृहं कर्जात बुडून काही वर्षं बंद पडली. त्यांच्या जागी तीन बदली नाट्यगृहांना परवाना मिळाला. याच अडचणीच्या दिवसांत, १७९४ च्या पाचव्या महिन्यात, एक विलक्षण चित्रकार अचानक पुढे आला. त्याचं नाव शाराकू. त्याने नटांची छापील चित्रं काढायला सुरुवात केली, दहा महिन्यांत १४० हून अधिक चित्रं काढली आणि मग तो थांबला तो कायमचाच. त्याचं शेवटचं काम पुढच्या वर्षीच्या पहिल्या महिन्यातलं. पाचव्यापासून पहिल्यापर्यंत बोटांवर मोजून बघा. नऊच महिने भरतात ना? मग दहावा आला कुठून? त्या वर्षी अकरावा महिना दोनदा आला होता! आपल्या पंचांगातल्या अधिक महिन्याची युक्ती तेव्हा जपानमध्येही होती. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी कमी भरतात. ती तूट साठत गेली की मधूनमधून एक जादा महिना घालून हिशेब जुळवायचा.

या शाराकूने आपल्या नटालाही चितारलं आहे. आराकावा तारो ताकेसादा नावाच्या वीराच्या वेषात सहावा दांजूरो त्याच्या चित्रात उभा आहे. तेव्हा त्याचं वय जपानी हिशेबाने १७. शाराकू कुणालाच उगीच सुंदर करत नसे. मोठं नाक असेल तर मोठं, बारीक डोळे असतील तर बारीक. काही नटांच्या चाहत्यांना ते मुळीच आवडलं नसणार! पण म्हणूनच त्याने काढलेल्या माणसांवर आपला विश्वास बसतो.

कॅमेरा तर अजून जन्मायचा होता. मग एका चित्राच्या शेकडो प्रती निघायच्या कशा? हे काम माझ्या मते नाटकाइतकंच थरारक आहे. चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईने रेषा काढायचा. तो कागद पालथा करून जंगली चेरीच्या लाकडाच्या फळीवर चिकटवायचा. चेरीच का? कारण ते लाकूड कठीण आणि बारीक पोताचं असतं, सुरीच्या टोकाला तडकत नाही. मग कोरणारा कारागीर रेषा तेवढ्या ठेवून बाकीचं लाकूड काढून टाकायचा. कपाळावरचे केस जिथे सुरू होतात ती जागा सगळ्यात अवघड. तिथे मिलिमीटरभर जागेत एकाहून जास्त केस उभे ठेवायचे आणि एकही मोडू द्यायचा नाही. हे काम फक्त सगळ्यात वस्ताद कारागिराकडे जाई. कोरताना चिकटवलेला मूळ कागद कापला जायचा, म्हणजे शाराकूच्या हाताने काढलेलं अस्सल चित्र प्रत्येक वेळी नष्ट व्हायचं. ते गेलं तेव्हाच शेकडो छाप निघू शकले.

ही झाली काळ्या रेषांची फळी. रंगांसाठी प्रत्येकी वेगळा ठसा लागायचा. लाल बाहीचा एक, तपकिरी झग्याचा दुसरा, हिरव्या पट्ट्याचा तिसरा. आता एकच कागद पाच-सहा ठशांवर एकामागून एक ठेवायचा, आणि लाल रंग बाहीबाहेर केसभरही सांडता कामा नये! त्यासाठी प्रत्येक ठशाच्या एका कोपऱ्यात काटकोनाची खाच आणि त्याच कडेला थोडी दूर एक सरळ खाच कोरलेली असायची. कागदाचा कोपरा पहिल्या खाचेत आणि कड दुसऱ्या खाचेत टेकवली की कागद दर वेळी त्याच जागी बसणार. इतकी साधी युक्ती, पण तिच्या जोरावर १७६५ सालापासून जपानमध्ये बहुरंगी चित्रांचा बाजार उभा राहिला. कागद कोझो नावाच्या झाडाच्या सालीपासून बनवलेला, लांब धाग्यांचा. तो ओलसर ठेवून पुन्हा पुन्हा घासला तरी फाटत नसे. घासायला यंत्र नव्हतं. बांबूच्या कोंबावरचं सोपट गुंडाळलेली एक गोल, चपटी गादी हातात धरून छापणारा कागदाची पाठ दाबत जायचा. रंग नुसता कागदावर बसायचा नाही, धाग्यांत मुरायचा.

आणि हे रंग कसले होते माहितीये? गुलाबी-लाल यायचा करडईच्या फुलांतून. हो, आपल्या सोलापूरकडे आणि मराठवाड्यात तेलासाठी पेरतात तीच काटेरी करडई. निळा यायचा एका रानफुलातून. पावसाळ्यात आपल्या बांधावर उगवणारा निळ्या फुलांचा केना पाहिलाय ना? त्याचा तो जातभाई. पिवळ्या रंगांत हळदही होती. आता हळदीचा डाग पडलेला कपडा आई उन्हात का वाळत घालते ते आठवा. डाग फिका पडतो म्हणून. प्रकाशात ऊर्जा असते. ती हळदीच्या रेणूंवर सारखी आदळत राहिली की रेणू मोडतात, आणि मोडलेला रेणू पिवळा दिसत नाही. केन्याच्या भावंडाचा निळाही फार हळवा. त्याला ऊन नको आणि पाण्याचा थेंबही नको. म्हणून आज संग्रहालयात एखाद्या जपानी चित्रातलं आकाश किंवा कपडा मळकट पिवळसर दिसला, तर तो मूळचा निळा असण्याची बरीच शक्यता असते. अभ्यासक चित्राला हात न लावता त्यावर प्रकाश सोडतात, परत येणाऱ्या प्रकाशात कुठले रंग किती उरले ते उपकरणाने मोजतात आणि त्यावरून तिथे कुठलं फूल वापरलं होतं ते ओळखतात.

गेरूसारखे मातीतले रंग मात्र टिकून राहतात. त्यांचा लाल-तपकिरी रंग लोखंड आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाचा असतो. तो आधीच गंजलेला, आता अजून काय बिघडणार! योगायोग असा, की दांजूरो घराण्याचा मानाचा रंग हाच, पिकल्या फळासारखा तांबूस तपकिरी. ‘थांबा!’ अशी आरोळी ठोकत अन्याय अडवायला येणाऱ्या वीराचं एक काम या घराण्याचं खास आहे. त्यात नट याच रंगाचा झगा घालतो. झग्याच्या बाह्या इतक्या मोठ्या असतात, की त्या ताठ राहाव्यात म्हणून आत काड्या घालाव्या लागतात. बाहीवर एकात एक बसवलेले तीन चौकोन रंगवलेले दिसतात. तांदूळ मोजायची लाकडी मापं वरून पाहिली तर अशी दिसतात. हे घराण्याचं चिन्ह. कुठल्याही जपानी चित्रात हे तीन चौकोन दिसले की समजा, हा इचिकावांपैकी कुणीतरी. १७९६ साली पाचव्याने रंगभूमीचा निरोप घेतला तो हेच काम करून. कुनिमासा नावाच्या तरुण चित्रकाराने त्याचं जे चित्र काढलं, ते बघाल तर त्या वटारलेल्या डोळ्यांवरून नजर हटत नाही.

अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात अशा साडेसहा हजारांच्या आसपास चित्रांचा एक साठा आहे. स्पॉल्डिंग नावाच्या दोन भावांनी १९२१ साली तो देताना एक अट घातली होती, ही चित्रं कधीही भिंतीवर टांगायची नाहीत. लोकांना ही अट विचित्र वाटली असेल. पण त्यामुळेच केन्याच्या भावंडाचा निळा रंग खरा कसा होता ते आज तिथे समजतं.

रंगांची एक काळी बाजूही सांगायला हवी. नट तोंडाला जो सफेदा फासायचे, त्यातल्या एका प्रकारात शिसं असायचं. शिशाचा सफेदा त्वचेवर छान चिकटतो, एकसारखा पसरतो, म्हणून नटांना तो हवासा वाटे. पण शिसं शरीरात साठत जातं आणि मज्जातंतूंना इजा करतं. १८८७ साली जपानच्या सम्राटासमोर काबुकीचा प्रयोग झाला, तेव्हा फुकुसुके नावाच्या नटाचा पाय रंगमंचावरच थरथरू लागला. ते शिशाच्या विषबाधेचं लक्षण निघालं. मग बिनशिशाचा सफेदा शोधायला जोर आला आणि १९०४ साली तो बाजारात आला. लहान वयापासून रोज तोंडाला रंग लावणाऱ्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट होती. सहाव्या दांजूरोला शिशानेच गाठलं असं मी म्हणत नाही. पण त्याच्या पिढीतली मुलं नाटक शिकताना कशाशी खेळत होती, हे तुम्हाला ठाऊक असावं.

पाचव्याने निरोप घेतल्यावर घराण्याचा सगळा भार सहाव्यावर आला. मोठा आधार बाजूला झालेला, शहराच्या नजरा याच्यावर, आणि वय विशीच्या आत. अशीच दोन-तीन वर्षं गेली. १७९९ सालच्या पाचव्या महिन्यात, आपल्या कॅलेंडरप्रमाणे १६ जूनला, तो वारला. सूत्र लावा. १७९९ वजा १७७८ अधिक १, बावीस. त्याच्या आधी तिसरा दांजूरोही असाच लहान वयात गेला होता, तोही जपानी हिशेबाने बावीस वर्षांचाच. नट पिकतो चाळिशी-पन्नाशीत, असं काबुकीत मानतात. या दोघांना तिथवर पोचताच आलं नाही. पुढे त्यांनी काय केलं असतं या विचाराने मला आजही चुटपुट लागते. पाचव्याने तर हे नाव आपल्या हाताने त्या मुलाला दिलं होतं, आणि त्याच्या जाण्यानंतरही तो १८०६ पर्यंत जगला.

पण नाव मोकळं ठेवायचं नव्हतं. पाचव्याचा एक नातू होता. त्याचा जन्म झाला १७९१ साली, म्हणजे ज्या वर्षी आपला नट सहावा दांजूरो झाला त्याच वर्षी. १८०० साली या नातवाला सातवा दांजूरो केलं. जपानी हिशेबाने तो दहा वर्षांचा, आपल्या हिशेबाने जेमतेम नऊचा. त्यानेही ते नाव पेललं. तो खूप जगला, १८५९ पर्यंत, आणि काबुकीतल्या सगळ्यात मोठ्या नटांमध्ये त्याची गणना होते. आपल्या घराण्याच्या अठरा खास नाटकांची यादी त्याने १८३२ साली जाहीर केली. ‘थांबा!’ म्हणणारा वीर आणि पाऊस अडवणारा तपस्वी दोघंही त्या यादीत आहेत. त्याच वर्षी त्याने दांजूरो हे नाव आपल्या मुलाला देऊन टाकलं. हा आठवा दांजूरो जन्मला होता १८२३ साली. नाव मिळालं तेव्हा तो जपानी हिशेबाने किती वर्षांचा होता, हे आता तुम्हीच काढा.